केरबा वायफाय सांभाळतो

एका गावात एक भोळा माणूस होता. खरं तर तो मूर्ख होता. पण मूर्ख म्हटलं तर त्याला कामावर ठेवणाऱ्यांनाही काहीतरी म्हणावं लागलं असतं. म्हणून सगळ्यांनी मिळून भोळा म्हणायचं ठरवलं.

त्याचं नाव केरबा. गावाचं नाव वेळकरंजे. गाव डोंगराच्या कुशीत. मोबाइलला रेंज यायची ती फक्त देवळामागच्या खडकावर, तीही उभं राहिलं तर. खाली बसलं की गेली.

गावात म्हशी भरपूर आणि दूधही भरपूर. सकाळचं दूध टेम्पोने घाट उतरून तालुक्याला जायचं. संध्याकाळचं जायचं नाही, कारण टेम्पो संध्याकाळी यायचा नाही आणि सकाळपर्यंत दूध टिकायचं नाही. मग जिल्ह्याच्या दूध संघाने गावच्या डेअरीला दूध थंड ठेवणारी एक मोठी टाकी दिली. अट एकच घातली. टाकीतलं दूध किती थंड आहे, हे संघाच्या ऑफिसात फोनवर कायम दिसलं पाहिजे. काही दिवस नीट दिसलं आणि संघाच्या खानविलकर साहेबांनी येऊन पसंत केलं, की टाकी गावाची. नाहीतर टाकी उचलून दुसऱ्या गावाला.

कमळाक्काच्या गोठ्यात चार म्हशी होत्या. संध्याकाळच्या दुधाचं काय करायचं, हा प्रश्न तिला लग्न होऊन आल्यापासून रोज संध्याकाळी पडायचा. टाकी आली त्या दिवशी तिने टाकीला हळदकुंकू लावलं.

फोनवर दिसायचं तर इंटरनेट हवं. ते केबलने डेअरीत आलं. आता ते सांभाळायला माणूस हवा. दोघं आले. एक कमळाक्काची मुलगी वैजयंता, कॉम्प्युटरचा डिप्लोमा झालेली. दुसरा केरबा, काहीच न झालेला. डेअरीचे चेअरमन महिपतराव, म्हणजे गावाचे आबा, यांनी दोघांना काही शंका आहे का म्हणून विचारलं. वैजयंताला होत्या. लाइट गेल्यावर काय करायचं, पासवर्ड कुणाकडे राहणार, संघाचा इंजिनिअर कधी येणार. केरबाला काहीच शंका नव्हती.

"तुम्ही सांगाल तसं, आबा," तो म्हणाला.

आबा बाहेर येऊन म्हणाले, पोरगी हुशार आहे, पण कामाला लागायच्या आधीच प्रश्न विचारते. केरबाला ठेवा. सभासदांनी माना डोलावल्या. आबांसमोर मान डोलावणं हे वेळकरंज्यात सभासदाचं मुख्य काम होतं.

पहिल्या दिवशी वायफायचा डबा आला. आबांनी तो केरबाच्या हातात देऊन बजावलं, की हा जिवापाड जपायचा, कुणाचा हात लागता कामा नये. एवढं सांगून ते जेवायला गेले.

केरबाने जपला. त्याने घरून आईची लोखंडी पेटी आणली. डब्याभोवती गोधडी गुंडाळली, तो पेटीत ठेवला, वायर कडीच्या भोकातून बाहेर काढली आणि पेटीला कुलूप घातलं. किल्ली करदोट्याला बांधली. आत दिवे लुकलुकत होते. बाहेर कुणाच्याही फोनवर काहीही येत नव्हतं.

आबांनी पेटी उघडायला लावली आणि कपाळाला हात लावला.

"अरे शहाण्या, असली वस्तू उंचावर ठेवायची असती. मोकळ्यावर. आड काही येता कामा नये."

"चुकलं, आबा. पुढच्या टायमाला तसंच करतो."

आणि त्याने तसंच केलं.

पुढच्या वेळी संघाकडून तापमापक आला. लांब वायर, टोकाला सळई. ही सळई दूध किती थंड ते मोजणार आणि वायफायवरून संघाला कळवणार. केरबाने विचार केला. उंचावर, मोकळ्यावर, आड काही नको. तो डेअरीच्या पत्र्यावर चढला आणि भर उन्हात सळई उभी करून दगडाने पक्की केली.

त्या दिवशी टेम्पो आला नव्हता, टाकी भरलेलीच होती. दुपारी संघातून फोन आला. आता वायफायमुळे डेअरीत फोन लागायला लागला होता, हीच काय ती प्रगती. तुमचं दूध तापलंय, असं तिकडून सांगत होते. चहा करता येईल इतकं तापलंय. आबा घाबरले. संघाला गरम दूध गेलं तर टाकी जाणार. त्यांनी हुकूम सोडला, की सगळं दूध ओतून द्या.

कमळाक्काने टाकीत बोट घातलं.

"आबा, दूध गार हाय की."

"तुला जास्त कळतं का फोनला?"

टाकीभोवती सगळे जाणते सभासद उभे होते. प्रत्येकाला दोन हात होते आणि प्रत्येक हाताला बोटं होती. पण फोन गरम म्हणतोय म्हटल्यावर गार दुधात बोट कोण घालणार? गार दूध गटारात गेलं. गावातली कुत्री त्या दिवशी फार समाधानी होती.

वायर कुठे जाते ते बघायला वैजयंता शिडी लावून पत्र्यावर चढली. तिने सळई खाली आणून आबांसमोर धरली. आबांनी आधी तिला सुनावलं, की पोरीच्या जातीने असं पत्र्यावर चढू नये. मग केरबाकडे वळले.

"गाढवा, हे दुधात बुडवायचं. संघाकडनं काही आलं की ते दुधासाठी आलेलं असतं. सरळ दुधात बुडवायचं."

"चुकलं, आबा. पुढच्या टायमाला तसंच करतो."

आणि त्याने तसंच केलं.

पुढच्या वेळी संघाकडून कॅमेरा आला. डेअरीच्या दारावर लावायचा होता. कोण आलं, कोण गेलं, ते संघाला घरबसल्या दिसावं म्हणून. केरबाने तो वायफायला जोडला, कारण तेवढं तो शिकला होता. मग टाकीचं झाकण उघडलं आणि कॅमेरा दोरीने अलगद दुधात सोडला.

संघाच्या ऑफिसात पडद्यावर सगळं पांढरं दिसलं. तिथल्या कारकुनाने साहेबांना सांगितलं, की वेळकरंज्यात धुकं फार आहे. साहेब म्हणाले, डोंगरातलं गाव, असायचंच. मग थोड्या वेळाने धुकंही दिसेना. कॅमेरा गेला होता. तो गळाला लागलेल्या माशासारखा वर आला तेव्हा दूध मापायला लोकांची रांग लागलेली होती. त्या टाकीतलं दूध संघाने घेतलं नाही. कमळाक्काचं त्यात सगळ्यांत जास्त होतं. ती रिकामी कळशी घेऊन घरी गेली.

आबांनी केरबाला सगळ्यांसमोर उभं केलं. त्याला काढून टाकावं, असं मागे कुणीतरी पुटपुटलं. आबांनी ते ऐकलं नाही. केरबा चुकीचा निघाला असता तर केरबाला निवडणारा बरोबर कसा राहिला असता?

"आधी ओळख पटली पाहिजे," आबा म्हणाले. "ओळखीचं असेल ते ठेवायचं. ओळखीचं नसेल त्याला बाहेर काढायचं. येतंय ध्यानात?"

"चुकलं, आबा. पुढच्या टायमाला तसंच करतो."

आणि त्याने तसंच केलं.

संघाने दुसरा कॅमेरा दिला आणि तो इलेक्ट्रिशियनकडून दारावर लावून घेतला. मग नवीच तक्रार आली. नेट फार हळू चालतंय, असं संघ म्हणत होता. कारण सोपं होतं. गावातली सगळी तरुण मंडळी डेअरीच्या ओट्यावर बसून फुकटच्या वायफायवर पिक्चर बघत होती. वायफायला कोण कोण चिकटलंय ते बघ आणि नको त्यांना तोड, असं आबांनी केरबाला सांगितलं.

केरबाने फोनवर यादी उघडली. ओळखीचं ते ठेवायचं. 'पप्या किंग'. याला तो ओळखत होता, वरच्या आळीचा पप्या. ठेवला. 'वाघ एकटाच असतो'. हा पोस्टमनचा धाकटा. ठेवला. 'आबा प्रो मॅक्स'. हे तर साक्षात आबाच, पत्ते खेळत होते. ठेवले. मग नुसते इंग्रजी आकडे आणि अक्षरं असलेले तिघं आले. नाव नाही, गाव नाही, आळी नाही. केरबाने त्यांना गावात कधीच पाहिलं नव्हतं. तिघांनाही बाहेर काढलं.

पहिला टाकीचा तापमापक होता. दुसरा टाकीची मोटर चालू-बंद करणारं यंत्र. तिसरा कॅमेरा.

नेट झकास चालायला लागलं. पप्याने केरबाला पान खिलवलं. टाकी मात्र संघाच्या फोनवरून नाहीशी झाली आणि खानविलकर साहेबांचा निरोप आला, की परवा मी स्वतः तपासणीला येतो, टाकी ठेवायची की उचलायची ते तिथेच ठरवू.

आता वेळकरंज्याचं धाबं दणाणलं. वैजयंता आबांच्या घरी गेली आणि तासाभरात सगळं जोडून देते म्हणाली. आबांनी तिला चहा दिला आणि परत पाठवलं. मग त्यांनी संघाच्या इंजिनिअरला फोन लावला, त्याने जे सांगितलं त्यातलं निम्मं ऐकलं आणि ते निम्मं केरबाला दिलं.

"सगळा गोंधळ झाला की रीसेट करायचं. म्हणजे पहिल्या दिवशी होतं तसं करायचं. जे जिथून आलं ते तिथं परत. मग नव्याने एकेक जोडायचं."

केरबाने डब्यामागचं बटण दाबून धरलं. सगळे सुटले, पप्यासकट. मग आधी स्वतःचा फोन जोडला आणि इंजिनिअर त्यावरून सांगत गेला तसे बाकीचे एकेक जोडले. टाकी संघाच्या फोनवर पुन्हा दिसायला लागली. पहिल्यांदाच केरबाचं काम फत्ते झालं. आबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. केरबाला आयुष्यात मिळालेली ती पहिली थाप. ती त्याच्या डोक्यात पक्की बसली.

साहेब यायच्या दिवशी सकाळी टाकी म्हशीच्या दुधाने अर्धी भरली. आबांना अर्धी बरी दिसेना. त्यांनी वेगळ्या कॅनमध्ये ठेवलेलं गाईचं दूधही टाकीत ओतायला लावलं. टाकी कशी काठोकाठ दिसली पाहिजे. मग सगळ्या सभासदांना हार, गुलाल आणि हलगी घेऊन वेशीवर उभं राहायचा हुकूम झाला. डेअरीत थांबणार एकटा केरबा.

सगळ्यांत शेवटी कमळाक्का निघाली. तिने टाकीत डोकावून पाहिलं आणि तिला राग आवरला नाही.

"गाईचं म्हशीत, म्हशीचं गाईत. सगळा गोंधळ करून ठेवलाय मेल्यांनी."

एवढं बोलून ती वेशीकडे गेली. केरबा उभा राहिला. गोंधळ झाला होता. आणि गोंधळ झाल्यावर काय करायचं, ते आता त्याला नक्की माहीत होतं.

वेशीवर साहेबांची जीप आली. मागोमाग दूध न्यायला संघाचा टेम्पो आला, तो डेअरीपाशी लावून ड्रायव्हर सत्कार बघायला वेशीवर परतला. हार झाले, हलगी झाली. मग आबांचं भाषण सुरू झालं. भाषणात वायफाय होतं, नवं युग होतं आणि या सगळ्यामागे उभं असलेलं एक नेतृत्वही होतं. ते नाव घेत नव्हते, स्वतःच्या छातीवर हात ठेवत होते. साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं. भाषण लांबलं. केरबाला पुरेल इतकं लांबलं.

शेवटी मिरवणूक डेअरीपाशी पोचली. वाटेत एक गोष्ट सगळ्यांना दिसली आणि कुणालाच समजली नाही. गावातल्या प्रत्येक गोठ्यासमोर घमेलं होतं, घमेल्यात पांढऱ्यात कालवलेली पेंड होती आणि प्रत्येक म्हशीची मिशी पांढरी झाली होती. कमळाक्काच्या चारही म्हशी ढेकर देत होत्या.

साहेबांनी टाकीचं झाकण उघडलं. आत टाकीचा तळ होता. धुऊन पुसून लख्ख केलेला.

"दूध कुठंय?" साहेबांनी विचारलं.

आबांनी केरबाकडे पाहिलं.

"रीसेट केलं, आबा. जे जिथून आलं ते तिथं परत. म्हशीचं म्हशींना, गाईचं गाईंना. कोणतं कुणाचं ते कळंना, तर सगळ्यांना सारखं दिलं."

साहेबांनी दाराकडे पाहिलं. दारावर कॅमेरा नव्हता. भिंतीवर वायफायचा डबा नव्हता. टाकीत सळई नव्हती. तेवढ्यात टेम्पोचा ड्रायव्हर सांगत आला, की मागच्या फळीवर कुणीतरी खोकी आणून ठेवलीत, आतल्या थर्माकोलसकट नीट भरलेली, वरून सुतळीने बांधलेली. संघाकडून आलेलं संघाकडे चाललं होतं.

कमळाक्का मटकन ओट्यावर बसली. संध्याकाळ व्हायला अजून बराच वेळ होता आणि आज संध्याकाळीही चार म्हशी दूध देणार होत्या.

केरबाने बाह्या सावरल्या. तो टाकीपाशी गेला, दोन्ही हातांनी तिला कवळ घालून जोर लावला आणि थांबला.

"एवढी एकच राहिलीया, आबा. एकट्याला उचलंना. जरा हात लावता का?"

साहेबांनी एकदा टाकीकडे, एकदा आबांकडे पाहिलं आणि म्हणाले, "लावा हात."

साहेबांनी सांगितलं म्हटल्यावर आबांनी का म्हणून विचारलं नाही. धोतराचा सोगा खोचला, एका बाजूने टाकीला हात लावला आणि सभासदांकडे बघून मान हलवली. मग सभासदांनीही माना हलवल्या आणि सगळ्यांनी मिळून टाकी टेम्पोत चढवून दिली.