दिवाळीतले गुलाब

मिरजेच्या उद्यान मंडळात कोणत्या महिन्यात काय लावायचं आणि काय छाटायचं, हे सांगायचं काम कुमुदताई शेट्यांचं. ऑक्टोबरात त्यांनी मंडळाच्या बागेतले तीनशे गुलाब छाटून घेतले आणि फळ्यावर लिहिलं, ‘फुलं दीड महिन्यानं. प्रदर्शन डिसेंबरात.’

चौथ्याच दिवशी अध्यक्ष रावसाहेब जगदाळे तरातरा बागेत आले.

“प्रदर्शन दिवाळीत घ्यायचं. मी पाहुण्यांना शब्द दिलाय. चांगले बारा दिवस आहेत!”

“अहो रावसाहेब, अजून फांद्यांना डोळेसुद्धा फुटले नाहीत,” कुमुदताई म्हणाल्या. सकाळपासून फोनवर हेच त्यांनी दोनदा सांगितलं होतं.

“मग दुप्पट खत घाला! मला अडचणी सांगायच्या नाहीत.”

अशानं मुळं जळतील, हेही सांगून झालं. पण ऐकतील ते रावसाहेब कसले! त्यांनी माळ्याला हाक मारून खताचं पोतं उघडायलाही लावलं. बागेत आलेले सभासद पोत्याभोवती गोळा झाले. कुमुदताईंनी कपाळावर हात मारला.

“बरं, घालते खत. पण आधी तुम्ही ही झुपकेदार मिशी सफाचट करा आणि आजपासून रोज दुप्पट जेवा. बारा दिवसांत तिला पुन्हा पीळ देता आला, तर प्रदर्शन दिवाळीत!”

रावसाहेबांचा हात झटकन मिशीवर गेला. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

“पोतं बांधून ठेव रे,” ते माळ्याला म्हणाले. “पाहुण्यांना डिसेंबरचं कळवतो मी.”