उद्धवची तीन भागांची कादंबरी

एका गावात एक भोळा कादंबरीकार होता. नाव उद्धव. त्याने नऊशे पानांची कादंबरी लिहिली आणि स्वतःच छापून आणली. पाचशे प्रती. एकही खपली नाही. गठ्ठ्यांनी आधी पलंग अडवला, मग स्वयंपाकघर. बायको यमुना सहा महिने अंगणात भाकऱ्या थापत होती. शेवटी ती माहेरी निघाली. "गठ्ठे गेले की पत्र टाका. मी येते," म्हणाली. ती गेली आणि उद्धवला घर खायला उठलं.

तो छापखान्यात दामूअण्णांकडे गेला. अण्णा म्हणाले, एवढा जाड ठोकळा कोण उचलणार? तीन भाग कर. एक वाचला की माणूस आपणहून दुसरा मागतो.

उद्धव "बरं" म्हणाला. घरी आला, सुताराकडून करवत आणली आणि पाचशेच्या पाचशे प्रती आडव्या कापल्या. वरचा भाग, मधला भाग, खालचा भाग.

अण्णांनी कपाळावर हात मारला. झालं ते झालं, म्हणाले. आता पहिला भाग फुकट वाट. चटक लागली की दुसरा विकत दे.

उद्धव "बरं" म्हणाला. वाटेत दाढी करायला बसला. एक गाल झाल्यावर उठला. न्हाव्याने पैसे मागितले तर म्हणतो, पहिला भाग फुकट असतो. न्हाव्याने त्याला तसाच बाहेर काढला. मग एक गाल गुळगुळीत आणि एक दाढीचा, अशा थाटात तो वरचे भाग दारोदार वाटत फिरला.

आणि काय सांगावं, गावाला खरंच चटक लागली. पानोपानी गोष्ट ऐन रंगात यायची आणि तिथेच तुटायची. लोक मधल्या भागासाठी दारात उभे राहिले, मग खालच्यासाठी. तालुक्याच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी तर याला नवा प्रयोग ठरवलं. शिकलेल्या माणसांपुढे आपण काय बोलणार? पंधरा दिवसांत घर रिकामं झालं.

अण्णांनी उद्धवची पाठ थोपटली. "यातली मेख कळली का? वाचकाला ऐन मोक्यावर सोडायचं. मग तो पुढच्या भागासाठी धावत येतो."

उद्धव "बरं" म्हणाला. घरी येऊन त्याने यमुनेला पत्र लिहिलं. अगदी मनापासून, तीन ओळींचं.

'यमुने, तू आता या घरात पाऊल टाकू नकोस,
असं ते गठ्ठे म्हणत होते. ते सगळे गेले.
तुझ्यावाचून घास उतरत नाही. आजच ये.'

मग त्याने कात्री घेतली, पत्राचे तीन भाग केले आणि पहिला टपालात टाकला.

तिसऱ्या दिवशी यमुना दारात हजर. डोळे रडून सुजलेले, मागे तिचे दोन भाऊ. तिने कागदाचा तुकडा पुढे केला. "अहो, असं काय घडलं माझ्या हातून? पुढं काय, ते तरी सांगा."

उद्धवला कोण आनंद झाला. अण्णा म्हणाले तस्संच झालं होतं. बाकीचे दोन तुकडे त्याच्या खिशात होते. त्याने खिसा घट्ट धरला आणि म्हणाला,

"पहिला भाग फुकट होता. दुसरा विकत घ्यावा लागेल."