जागा बदलणारं मडकं

डोंगरावरच्या एका गावात घोंगड्या विणणारा एक म्हातारा राहत होता. त्याचं नाव बिराप्पा, बायकोचं हौसा. घर दगडी होतं. थंडीत भिंती इतक्या गार पडत की हात लावला तर बोटं आखडावीत.

पौषात त्यांची लेक मंजुळा सासूला घेऊन पहिल्यांदाच माहेरी येणार होती. "आई, आंबोळ्या कर," असा तिचा निरोप होता. हौसानं आदल्या दिवशी सकाळीच तांदूळ-उडीद वाटून पीठ मडक्यात भरलं. मागच्या हिवाळ्यात गारठ्यानं पीठ आंबलंच नव्हतं. म्हणून तिनं मडकं भाताच्या कोंड्यानं भरलेल्या टोपलीत गळ्यापर्यंत रोवलं, वर गोणपाट टाकलं आणि ती ओढ्यावर धुणं धुवायला गेली.

परत येऊन पाहते तर टोपलीत मडकं नाही. ते अंगणात उन्हात.

घरात बिराप्पाशिवाय कोणी नव्हतं, आणि तो मागावर बसलेला. स्वयंपाकघरात तो कधी पाऊल टाकत नसे, पाणीसुद्धा मागूनच पिई. हौसा गोंधळली. 'जाता जाता मीच ठेवलं की काय?' तिनं मडकं पुन्हा कोंड्यात रोवलं.

दुपारी ती परसात गोवऱ्या थापून आली, तर मडकं चुलीच्या वैलावर, बाजूच्या मंद आचेच्या तोंडावर.

हौसाच्या आईचं म्हातारपणी असंच झालं होतं. आधी वस्तू सापडेनाशा झाल्या, आणि शेवटी ती हौसालाच विचारू लागली, "तू कोणाची गं?" हौसानं मडकं टोपलीत ठेवलं आणि कोणाला काही सांगितलं नाही.

मडकं हलवत होता बिराप्पा. बायकोला पिठाची काळजी लागलीय हे त्यानं पाहिलं होतं. उन्हात ठेवलं तर पीठ फुगेल, तिला बरं वाटेल, असं त्याच्या मनात आलं. पण आपण चुलीपाशी लुडबुड केली हे सांगायची त्याला लाज वाटली. थोड्या वेळानं पाहतो तर मडकं टोपलीत. आता गोंधळायची पाळी त्याची होती. 'मी ते उन्हात ठेवलं, की नुसतं ठेवायचं मनात आणलं?' मग त्यानं ते शेक लागावा म्हणून वैलावर ठेवलं. संध्याकाळी मडकं पुन्हा टोपलीत. बिराप्पा मागावर जाऊन बसला आणि घोंगडीचे पट्टे मोजू लागला. दर वेळी आकडा वेगळा येई.

जेवताना तो म्हणाला, "गप्प का?"

"काही नाही. तुम्ही का गप्प?"

"मीही उगीच."

सकाळी पाहुण्या आल्या. हौसानं झाकण काढलं. तळाचं पीठ शिजून गोळा झालं होतं आणि वरचं ताकासारखं पातळ. एकही आंबोळी तव्यावरून सुटेना.

"आई, असं कसं झालं?" मंजुळानं विचारलं.

हौसानं पदराला हात पुसले. "माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही गं आता. मडकं मीच कुठं कुठं ठेवते आणि मला आठवत नाही. तुझ्या आजीसारखंच."

मंजुळाच्या डोळ्यांत पाणी आलं. सासू म्हणाली, "मग तुझ्या आईंना चुलीपाशी एकटं ठेवणं बरं नाही. आपल्याकडे घेऊन जाऊ."

"न्या," हौसा हळूच म्हणाली. "पुढं यांना माझा त्रास नको."

बिराप्पा उंबऱ्यात उभा होता. बोलावं तर विहिणीसमोर हसं होणार. शिवाय त्याला स्वतःचीच खात्री नव्हती. पण हौसा लुगडी गाठोड्यात बांधायला उठली, तेव्हा त्याला राहवलं नाही.

"मडकं मी हलवलं," तो म्हणाला. "म्हणजे, मला वाटतं मीच."

"उन्हात?" हौसानं विचारलं.

"उन्हात मी."

"आणि वैलावर?"

"तेही मीच. पण ते टोपलीत परत कसं येतं ते कळेना. मला वाटलं, माझंच डोकं फिरलं."

"टोपलीत मी ठेवत होते."

विहीणबाईंनी तोंडाला पदर लावला. हौसा मात्र हसली नाही. "काल दिवसभर जीव मुठीत धरून होते मी. एक शब्द सांगवला नाही तुम्हाला?"

"चुकलं माझं," बिराप्पा म्हणाला. "पण तूही विचारलं नाहीस."

ते खरं होतं. हौसा म्हणाली, "पुन्हा सांगा. उन्हात कोणी ठेवलं?"

"मी."

"वैलावर?"

"मी."

"अजून एकदा."

त्यानं अजून एकदा सांगितलं. तेव्हा कुठं हौसा रडली, पोटभर रडली, आणि डोळे पुसून सगळ्यांसाठी भाकऱ्या थापायला बसली.

तात्पर्य: आपल्या माणसाला मदत करायची ती सांगून करावी, आणि मनात भीती शिरली तर ती एकट्यानं सांभाळत बसू नये, शेजारी बसलेल्याला विचारून टाकावं.