गोल पानं

त्या राज्यात निरोप पायी चालत येत, आणि ते येईपर्यंत सगळे जीव मुठीत धरून बसत.

आधी निरोपाचा रस्ता एकट्या बिबट्याचा होता. त्याचे ससे घुंगरांची काठी घेऊन टप्प्याटप्प्याने धावत आणि हुकूम पोचवत. पुढे त्याने तो रस्ता सगळ्यांना खुला केला. केळीच्या पानाचा चौकोनी तुकडा घ्यायचा आणि त्यावर नखाने लिहायचं. मरणाची बातमी मात्र कुणी लिहीत नसे. खुशालीच्याच ओळी लिहून पानाचा एक कोपरा हाताने फाडत. पान हाती आलं की जो तो आधी कोपरे बघे.

मग नदीपलीकडे बिबट्याच्या बांधाचं काम निघालं. म्हाताऱ्या खारीचा एकुलता लेक तिथे गेला. तिकडच्या सगळ्यांची पत्रं एक साळिंदर लिहून देई. त्या वर्षी फाटक्या कोपऱ्यांची पानं इतकी आली, की प्राणी वडाखाली जमून बिबट्याला जाब विचारायची भाषा करू लागले.

लगेच सुधारणा झाली. त्याच वडाखाली टपालघर उभं राहिलं. तिथे बसलेले उंदीर, पान फाटकं असो वा धड, उरलेले कोपरे कुरतडून ते गोल करत. "गोल पानं पिशवीत दुमडत नाहीत," असं बिबट्याच्या घुबडाने फांदीवरून जाहीर केलं. 'पण का?' असं विचारणारी घोरपड दुसऱ्या दिवशी बिळात नव्हती.

खारीला पान येईना. घुंगरं वाजली की ती ढोलीच्या तोंडाशी येऊन बसे.

शेजारची साळुंकी म्हणे, "अगं मावशी, बांधावरून माझ्या पाच भावांची पाच पानं आली, गोल गरगरीत! तुझा लेक आळशी, दुसरं काय?"

एका सकाळी ससा खारीच्या ढोलीशी थांबला. पान गोल होतं. अक्षर साळिंदराचंच होतं: सर्व खुशाल. खारीने कडेवरून बोट फिरवलं. तीन ठिकाणी दातांनी साफ कातरलेलं होतं. चौथ्या ठिकाणी फाटलेले धागे बोटाला लागले.

वर घुबडाने मान वळवली.

"काय मावशी, खुशाल ना लेक?" सशाने विचारलं. तो तिच्याकडे बघत नव्हता.

"खुशाल," खार म्हणाली.

"बघ, उगाच जीव टांगणीला लावून बसली होतीस!" साळुंकी हसली. "ये, माझं तोरण बघ."

तिने पाचही पानं ओवून दारावर बांधली होती. वाऱ्याने ती हलली, आणि खारीला प्रत्येक पानाच्या कडेला, एकेकाच जागी, लोंबणारे धागे दिसले.