बस्त्यावच्या पोपटाची प्रार्थना

एक होता बस्त्याव. राजाबिजा नव्हता, आधीच सांगते, म्हणजे मध्येच मुकुट कुठंय म्हणून विचारायचं नाही. खाडीकाठच्या गावात त्याची पानवेलींची बाग होती. बागेत विहीर, विहिरीवर रहाट. बैल गोल फिरायचा, मडकी भरून वर यायची, पाटानं पाणी वेलींना जायचं.

त्या गावात देवळाची, म्हणजे आपल्या चर्चची, घंटा दिवसातून तीनदा वाजायची. सकाळी, दुपारी आणि सांजेला. घंटा झाली की माणूस असेल तिथं थांबायचा, टोपी काढायचा, प्रार्थना म्हणायचा. मग बस्त्यावलाही थांबावं लागायचं. तो थांबला की बैल थांबायचा, बैल थांबला की रहाट, आणि पाणी पाटातच जिरायचं. बस्त्याव मनात कुरकुरायचा.

एकदा काय झालं, केळीवर एक पोपट येऊन बसला. साधासुधा नव्हता बरं का. एकदा ऐकलं की पाठ. बस्त्यावची प्रार्थना त्यानं मान वाकडी करून ऐकली आणि तशीच्या तशी म्हणून दाखवली. आमेनसकट.

मग बस्त्यावच्या डोक्यात आलं, देवाला प्रार्थनाच हवी ना? म्हणेल की पोपट. मी कशाला बैल थांबवू? मग त्यानं सकाळची प्रार्थना पोपटाकडे सोपवली. आभाळ काही कोसळलं नाही. मग दुपारची सोपवली. मग सांजेची. त्याची बायको रेमेत म्हणाली, "अहो, निदान एक तरी तुम्ही म्हणा." तो म्हणाला, "पोपटाचे उच्चार माझ्याहून साफ आहेत." आणि तसे ते होतेच.

असे तीन पावसाळे गेले. वेली मांडवावर मावेनात. पोपट पेरू खाऊन गलेलठ्ठ झाला. बस्त्याव रविवारी देवळात जायचा, नाही असं नाही, पण मागं उभा राहून मनातल्या मनात पाण्याचे पाट वळवायचा.

मग त्याची लेक नातालीन तापानं फणफणली. सहा वर्षांची पोर. एक दिवस झाला, दोन झाले, तिसऱ्या दिवशी ती डोळेच उघडेना. वैद्याचं औषध पोटात ठरेना. रेमेत म्हणाली, "माझं देवाशी बोलून झालं. आता बाप म्हणून तुम्ही बोला."

बस्त्याव अंगणातल्या क्रुसापुढं गुडघ्यांवर बसला. तोंड उघडलं, आणि बाहेर काय आलं? "मिठूला पेरू दे." परत उघडलं. "मिठूला मिरची दे." तिसऱ्यांदा तर नुसती शीळ. तुम्हाला हसू येतंय, त्याला नाही आलं. माणसांशी बोलताना त्याची जीभ सरळ चालायची, देवापुढंच अशी वळायची. प्रार्थना पोपटाला देऊन टाकली होती ना, मग तिच्या जागी पोपटाचं बोलणं येऊन बसलं होतं.

मग तो धावत पोपटाकडे गेला. "बाबा रे, तूच म्हण." पोपटानं म्हटली. सकाळची, दुपारची, सांजेची, सगळ्या म्हटल्या. पण त्यात नातालीनचं नाव कुठं होतं? बस्त्याव म्हणाला, "नातालीन म्हण. ताप म्हण." पोपट म्हणाला, "नातालीन म्हण. ताप म्हण. आमेन." आणि पेरूवर चोच मारायला लागला. त्याची थोडीच लेक होती ती.

तेव्हा मात्र बस्त्याव घाबरला. त्यानं बैल सोडून दिला, वेली वाळल्या तर वाळू देत म्हणाला, आणि पहाटेच क्रुसापुढं येऊन बसला. सकाळची घंटा झाली. शब्द नाही. दुपारची झाली. शब्द नाही. उन्हात तसाच बसून राहिला. सांजेची घंटा वाजायला लागली आणि त्याला रडूच फुटलं. मग रडता रडता त्याच्या तोंडून निघालं, "देवा, मी बस्त्याव. विहिरीजवळचा. ओळख आहे का अजून?"

क्रुसामागून आवाज आला, "बस्त्याव, प्रार्थना रोज पोचत होत्या. अगदी साफ. पण तुझं कसं चाललंय, ते तीन वर्षांत मला कुणी सांगितलं नाही."

काय गं फिलू? देवाला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं की. पण तुझ्या आईला सगळं ठाऊक असतं, तरी शाळेतून आल्यावर तू सांगितलंस की तिला बरं वाटतं ना? तसंच ते.

मग बस्त्यावनं सगळं सांगितलं. पोरीचा ताप सांगितला, बैलाचा दुखरा खूर सांगितला, स्वतःचा आळस सांगितला. घंटा केव्हाच थांबली होती, हा आपला बोलतोच आहे. तेवढ्यात घरातून रेमेतची हाक आली, "अहो, या लवकर. नातालीन पाणी मागतेय." ताप उतरला होता.

पोपट त्याच दिवशी उडून गेला, पेरू घेऊन. बस्त्याव मग तिन्ही घंटांना थांबायला लागला. पाणी जिरायचं ते जिरायचंच, आणि तो कुरकुरायचाही. पण आता ती कुरकुर तो देवालाच सांगायचा. नातालीन मोठी झाली, घरदार सुखात राहिलं.

चला, पाय पांघरुणात घ्या. फिलू, तुझं जे काही असेल ते देवाला तूच सांग आणि झोप. तुझ्या वतीनं मी नाही सांगणार. माझंच पुष्कळ आहे.