ककणेराचा बेहडा

शके सतराशे ब्याण्णव, फाल्गुन वद्य पक्ष. देवराईतला हा बेहडा तेव्हाही एवढाच उंच होता, असे सांगतात. वर ढोली दिसते ना, तीच ती. बोलायचे तर हळू बोला.

त्या ढोलीत ककणेराची मादी बसते. तुम्ही त्याला धनेश म्हणता. आत शिरली की ती ढोलीचे तोंड लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते. तिचे पंख झडतात. पिल्लू मोठे होईपर्यंत नर बाहेरून फळे आणून भरवतो. तो आला नाही, तर आतली सगळी मरतात.

आमच्या घाडी घराण्याचा मूळपुरुष धाकू. त्या फाल्गुनात त्याची बायको येसू बाळंत झाली आणि तापाने फणफणली. दूध येईना. कोणा वैदूने सांगितले, ककणेराचा रस्सा पाज. धाकूने नर मारला. रश्शाने की नशिबाने कोण जाणे, येसूला उतार पडला. बाळ जगले. रस्सा कशाचा होता, ते त्याने घरात सांगितले नाही.

पुढे गुरवीण बाळ बघायला आली. बोलता बोलता म्हणाली, राईतली मादी फटीतून चोच काढून कितीक दिवस ओरडत होती, नर कुठे दिसत नाही. येसूने नवऱ्याकडे पाहिले. तो जमिनीकडे बघत होता. तिने पेजेचा वाडगा खाली ठेवला.

"माका तुमी वाढतास. तिका कोण वाढता?"

धाकू उंबराची फळे घेऊन वर चढला. फटीतून चोच बाहेर आली नाही.

तेव्हा येसूने शपथ घातली, म्हणे. ढोली लिंपलेली असेल तोवर, नर भरवून गेल्याशिवाय या घरात कोणी जेवायचे नाही. तो नाही आला, तर घरातल्याने चढायचे. या घराच्या हातून एक ढोली जगेल, तेव्हाच देणे फिटेल.

गाव हसले. घाड्यांची भाकर पाखराच्या चोचीत, असे अजून म्हणतात. म्हणोत. या राईत कुऱ्हाड शिरली नाही, ती आमच्या उपासामुळे.

माझ्या लहानपणी नर न्याहारीआधी येऊन जायचा. आता भोवतालचे डोंगर काजूसाठी उघडे केले. ऊन माघातच पेटते. उंबरे पिकण्याआधी वाळून गळतात. पाखराला लांब जावे लागते, आणि आमची ताटे दुपार कलल्यावर मांडली जातात.

आजही शपथ पाळतो. यंदा वैशाखात नर आलाच नाही. पलीकडे वणवा लागला होता, त्यात गेला असावा. दिवस मावळायला आला तशी सून म्हणाली, "मामांनू, भात झाकून ठेवलंय. आदी तिका वाढा."

आमच्या राईत फळ नव्हते. मुलगा खाडीपलीकडच्या रानातून उंबरे घेऊन आला, दोर टाकून चढला. चोच बाहेर आली. मग तो रोज चढला.

ज्येष्ठात लिंपण फुटले. मादी बाहेर आली, तिच्यामागून पिल्लू. थोडा वेळ फांदीवर बसली आणि उडाली.

धाकूचे देणे फिटले.