ओली जखम

त्या राज्यात वेदनेला थारा नव्हता. दारी आलेल्याला कण्हत परत पाठवणे हा वैद्याच्या कुळाला कलंक समजला जाई. त्यामुळे मुरगळलेल्या खुराला काय किंवा मोडलेल्या हाडाला काय, करकोचा वैद्य आपल्या लांब चोचीतून सारखाच निजरस पाजत असे. पांढऱ्या फुलांचा तो चीक दुखणे थांबवी. पुढे दुखणे सरल्यावरही पिणारे येतच राहिले. त्यांतले काही ओढ्याकाठी निजलेले आढळत आणि ते पुन्हा उठत नसत.

सभेचा प्रमुख गवा. त्याचे वासरूही असेच निजून राहिले, तेव्हा सभा भरली. दीर्घ विचारान्ती तिने नियम केला : ज्याची जखम ओली, त्यालाच निजरस. वैद्याच्या दारात साळिंदर पहाऱ्याला बसला. जखमेवर पिंपळाचे पान टेकवायचे आणि पान लाल झाले तरच वाट सोडायची, एवढेच त्याचे काम होते.

पहिल्याच सकाळी एक हरिणी आली. तिचा पाय पूर्वी दरडीखाली चेंगरला होता. हाड केव्हाच सांधले होते; रस मात्र सुटला नव्हता. तिचे सारे अंग थरथरत होते. साळिंदराने पान टेकवले. ते हिरवेच राहिले.

“पाय तर शर्यतीला उतावीळ दिसतोय, बाई. उगाच कशाला लंगडता?”

हरिणीने आत पाहिले. “वैद्यबुवा, तुम्ही तरी सांगा याला. रोज तुम्हीच पाजत होतात ना?”

करकोच्याने चोच पंखांत खुपसली. “तेव्हा नियम नव्हता.”

“मग आता मी काय करायचं?”

“ते नियमात सांगितलेलं नाही, बाई,” साळिंदर म्हणाला.

ती गेली. तिच्यामागे उभे असलेलेही एकेक करून गेले. वैद्याचे अंगण ओस पडले. ते पाहून गवा ओढ्याकाठी, वासराच्या जागेपाशी, प्रथमच स्वस्थ उभा राहिला.

काही काळाने अंगण पुन्हा भरू लागले. आता प्रत्येक पान लाल होत होते, त्यामुळे साळिंदराला कोणालाही अडवता येईना. एक गोष्ट मात्र त्याला खटकली. जखमा साऱ्यांच्या मागच्याच पायाला होत्या आणि त्यांचा आकारही एकच होता. त्याने ते गव्याच्या कानावर घातले.

मातीवर सांडलेल्या रक्ताचा माग काढत गवा निघाला. माग दरडीपाशी संपला. तिथे एका धारदार कपारीसमोर जनावरे रांगेत उभी होती. कोणी कोणाला ढकलत नव्हते. पायाशी पिंपळाची पाने पडली होती. काही अर्धवटच लाल झालेली. सर्वांत पुढे हरिणी होती. सांधलेला पाय तिने कपारीत घातला होता.

मागे पावले वाजली तशी तिने वळून गव्याकडे पाहिले, आणि अदबीने थोडे सरकून त्याला जागा करून दिली.